शैवाकांची मोजपट्टी : कुठे लागू, कुठे नाही?

गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो ते दगडही नाही आणि फूलही नाही. ते आहे शैवाक. कवक (म्हणजे बुरशीच्या कुळातील सजीव) आणि शैवल या दोघांनी मिळून थाटलेले ते एक बिऱ्हाड असते. शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, कवक त्याला आसरा देते आणि ओलावा धरून ठेवते. महाबळेश्वरला किंवा आंबोलीला गेलेल्यांनी झाडांच्या खोडांवर करडे-हिरवट पापुद्रे आणि फांद्यांवर लोंबणाऱ्या दाढ्या पाहिल्या असतील. तीही शैवाकेच. ती झाडातून अन्न शोषत नाहीत, झाडावर नुसती राहतात. बांडगुळाशी त्यांची गल्लत करू नये.

या शैवाकांविषयी एक वाक्य आपल्या शिक्षकांच्या तोंडी आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांत हमखास आढळते : ‘शैवाके फक्त शुद्ध हवेत वाढतात, म्हणून ती प्रदूषणाची निदर्शक आहेत.’ हे वाक्य कितपत खरे आहे, ते कोठून आले आणि ते शिकवताना आपण काय गमावतो, याची तपासणी करावी एवढाच या लेखाचा हेतू आहे. तपासणीची गरज मला स्वतःच्याच एका फजितीतून जाणवली, म्हणून आधी ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या शिबिरात मी शैवाकांवर बोललो. एका इंग्रजी पुस्तिकेवरून उतरवून घेतलेला तक्ता सर्वांना वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गट केले. शिक्षकांनी आपले काही विद्यार्थीही बरोबर आणले होते. एक गट एस.टी. स्टँडमागच्या जुन्या आंब्यांकडे गेला, दुसरा गावाबाहेरच्या माळावरील निलगिरीच्या झाडांकडे. तासाभराने दोन्ही गट परतले. स्टँडमागच्या आंब्यांची खोडे पांढऱ्या-करड्या डागांनी भरलेली होती. माळावरच्या निलगिरीवर एकही डाग नव्हता. तक्त्याप्रमाणे निष्कर्ष उघड होता : स्टँडवरची हवा शुद्ध आणि माळावरची दूषित! आठवीतील एका मुलीने शांतपणे विचारले, “सर, मग सकाळी फिरायला स्टँडवर जायचं का?”

सगळे हसले. मीही हसलो. पण उत्तर माझ्याजवळ नव्हते.

शैवाके हवेला दाद का देतात?

मूळ कल्पनेत तथ्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. झाडाला मुळे असतात, पानांवर मेणचट आवरण असते, वायूंची देवघेव करणारी पण गरजेप्रमाणे मिटणारी छिद्रे असतात. शैवाकाला यांतले काहीच नाही. पाऊस, धुके, दव आणि धूळ यांतून मिळेल ते पाणी आणि क्षार ते आपल्या सबंध अंगाने शोषून घेते. नको असलेले बाहेर ठेवण्याची सोय त्याच्याजवळ फारशी नाही. पानगळीची झाडे वर्षातून एकदा दूषित पाने टाकून मोकळी होतात, शैवाक मात्र वर्षानुवर्षे तेच अंग वागवते. त्याची वाढही अतिशय मंद असते, वर्षाला काही मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी.

सल्फर डाय-ऑक्साइड हा वायू ओल्या शैवाकात विरघळतो आणि तयार होणारी आम्लधर्मी संयुगे आतील शैवलाच्या हरितद्रव्याला आणि पेशींच्या पटलांना इजा करतात. कमावणारा भागीदारच आजारी पडला की सगळे बिऱ्हाड मोडते. साधारणपणे, सालीला घट्ट चिकटलेली कवचासारखी शैवाके जास्त तग धरतात, पानांसारखी पसरणारी त्यांहून कमी आणि दाढीसारखी लोंबणारी सर्वांत कमी. कारण जेवढा पृष्ठभाग हवेत उघडा, तेवढा धोका अधिक.

मोजपट्टी कशी तयार झाली?

१८६६ साली विल्यम न्यूलँडर या शास्त्रज्ञाने पॅरिसमधील लक्झेंबर्ग बागेतील शैवाकांची नोंद केली आणि ही शैवाके म्हणजे हवेच्या आरोग्याचे मापक आहेत असे सुचवले. त्याआधी १८५९ मध्ये लिओ ग्रिंडन याने मँचेस्टरच्या परिसरातील शैवाके कमी होत असल्याची नोंद करून त्याचा संबंध कारखान्यांच्या धुराशी जोडला होता. पुढे पॅरिसच्या त्या बागेतूनही शैवाके नाहीशी झाली. १९२६ मध्ये रुटगर सर्नांडर याने स्टॉकहोम शहराचे तीन पट्टे पाडले : मध्यभागी ‘शैवाकांचे वाळवंट’, भोवती ‘झगड्याचा पट्टा’ आणि त्यापलीकडे नेहमीचा पट्टा.

मात्र शैवाके नाहीशी होतात ती धुराने की शहरातील कोरड्या हवेने, हा वाद बरीच वर्षे चालला. पोलंडमधील यान रिझाक यांनी कोरडेपणाची बाजू हिरिरीने मांडली. शहरात पावसाचे पाणी गटारांतून वाहून जाते, फरसबंदी तापते, हवा कोरडी राहते, तेव्हा शैवाके जगणार कशी, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे कॅनडातील सडबरीसारख्या ठिकाणचा पुरावा मिळाला. तिथे निकेल गाळण्याच्या भट्ट्या मोकळ्या प्रदेशात होत्या, तरी त्यांच्याभोवती शैवाकांचे वाळवंट तयार झाले होते. त्यामुळे तोल विषारी वायूच्या बाजूला झुकला. पण ओलाव्याचा मुद्दा खोटा ठरला नाही, तो फक्त मागे पडला. आपल्याकडे येताना तो पुन्हा पुढे येतो, हे पुढे दिसेलच.

१९७० साली डेव्हिड हॉक्सवर्थ आणि फ्रान्सिस रोझ यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात इंग्लंड आणि वेल्ससाठी ० ते १० अशी एक श्रेणी प्रसिद्ध केली. श्रेणी १ मध्ये खोडाच्या पायथ्याशी केवळ हिरवे शैवल दिसते. तिथे हिवाळ्यातील सल्फर डाय-ऑक्साइडचे सरासरी प्रमाण घनमीटरला १७० मायक्रोग्रॅमहून जास्त. श्रेणी ३ मध्ये लेकॅनोरा कोनिझिऑइडिस हे भुरकट-हिरवे, कवचासारखे शैवाक खोडावर चढते, प्रमाण सुमारे १२५. श्रेणी ४ मध्ये पानांसारखी शैवाके दिसू लागतात, प्रमाण सुमारे ७०. श्रेणी ९ मध्ये ३० हून कमी आणि श्रेणी १० म्हणजे शुद्ध हवा. हाती यंत्र नसताना नुसते झाड पाहून हवेतील वायूचा अंदाज करता यावा, ही गोष्ट त्या काळी विलक्षण होती.

मोजपट्टीचे गुण

टीका करण्यापूर्वी श्रेय द्यायला हवे. पहिला गुण असा की यंत्र त्या क्षणाची हवा मोजते, तर शैवाक अनेक वर्षांचा हिशेब एकत्र मांडते. दुसरा गुण म्हणजे यंत्रे मोजक्या जागी बसवता येतात, झाडे सर्वत्र असतात. तिसरा गुण आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा : हे काम मुले करू शकतात. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ब्रिटनमधील हजारो शाळकरी मुलांनी ऑलिव्हर गिल्बर्ट यांनी सोपी करून दिलेली श्रेणी वापरून आपापल्या गावची शैवाके पाहिली आणि त्या नोंदींवरून देशाचा दूषित हवेचा नकाशा तयार झाला. मुलांनी गोळा केलेल्या माहितीला विज्ञानात स्थान मिळाल्याचे हे एक ठळक उदाहरण आहे.

या श्रेणीच्या कर्त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘इंग्लंड आणि वेल्स’ असे लिहिले आणि श्रेणी गुणात्मक आहे असेही म्हटले. तेव्हा दोष त्यांच्याकडे फारसा जात नाही. दोष आहे तो शीर्षक गाळून तक्ता उतरवून घेणाऱ्यांचा, ज्यांत मीही होतो.

मोजपट्टीच्या मर्यादा

पहिली मर्यादा : ही श्रेणी एकाच वायूची आहे. दगडी कोळसा जाळणाऱ्या इंग्लंडमध्ये सल्फर डाय-ऑक्साइड हाच मुख्य शत्रू होता, म्हणून ती तिथे चालली. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर आणि कोळशाची जागा इतर इंधनांनी घेतल्यावर हा वायू झपाट्याने कमी झाला. मग काय झाले? धुराच्या काळात सर्वत्र पसरलेले लेकॅनोरा कोनिझिऑइडिस इंग्लंडमध्ये आता शोधावे लागते. आम्लधर्मी सालीवरच ते सुखाने राहत होते. त्याचे नसणे हे आता सुधारणेचे लक्षण! दुसरीकडे झँथोरिया पॅरिएटिना हे नारिंगी-पिवळे, देखणे शैवाक रस्त्यांकडेला आणि शेतीच्या भागात भराभर वाढू लागले. पण त्याला नायट्रोजन मानवतो. नेदरलँड्समध्ये गोठ्यांभोवतीच्या झाडांवर अशी नायट्रोजनप्रिय शैवाके वाढली, कारण शेणमुतातून निघणारा अमोनिया सालीची आम्लता कमी करतो. म्हणजे झाड शैवाकांनी भरलेले आहे, पण हवा निर्मळ नाही. ‘शैवाके फक्त शुद्ध हवेत वाढतात’ हे वाक्य इथेच कोसळते. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘ओपल’ या लोकसहभागाच्या उपक्रमात शाळांसाठी नवे पत्रक निघाले. त्यात नऊ प्रकारची शैवाके तीन गटांत विभागली होती : नायट्रोजन न सोसणारी, मधली आणि नायट्रोजनप्रिय. तीच झाडे, तोच देश, पण चाळीस वर्षांत प्रश्न बदलला म्हणून पट्टीही बदलावी लागली.

दुसरी मर्यादा : ही श्रेणी एकाच दिशेने चालते. हवा बिघडत गेली तेव्हा शैवाके कोणत्या क्रमाने नाहीशी झाली, यावरून ती बसवलेली आहे. हवा सुधारल्यावर ती त्याच क्रमाने परत यावीत असा निसर्गाचा नियम नाही. लंडनमध्ये शैवाके परतू लागल्याचे रोझ आणि हॉक्सवर्थ यांनी १९८१ मध्ये नोंदवले. १९८९ मध्ये हॉक्सवर्थ आणि मॅकमॅनस यांनी दाखवले की काही शैवाके मधल्या पायऱ्या गाळून एकदम वरच्या श्रेणीची म्हणून अवतरतात, तर मधली काही येतच नाहीत. याला त्यांनी ‘पायऱ्या गाळणे’ अशा अर्थाचे नाव दिले. शिवाय जुन्या झाडाच्या सालीत जुन्या आम्लाचा अंश राहतो. म्हणजे जुने झाड कधीकधी कालची हवा सांगते आणि कोवळी फांदी आजची. ज्या शास्त्रज्ञाने पट्टी तयार केली, त्यानेच तिची मर्यादा दाखवून दिली, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. विज्ञान कसे चालते हे त्यातून कळते.

तिसरी मर्यादा : शैवाक हवेबरोबर आपल्या बैठकीलाही दाद देते. धुराने ग्रासलेल्या इंग्रजी शहरांत झाडांची खोडे उघडी पडली, तेव्हा चुन्याच्या भिंतींवर आणि अ‍ॅसबेस्टॉस सिमेंटच्या छपरांवर शैवाके टिकून होती. चुन्याने आम्ल मारले जात होते. हवा एकच, गाव एकच, पण भिंत एक सांगते आणि झाड दुसरेच. सालीची आम्लता, खडबडीतपणा, झाडाचे वय, ऊन-सावली, ओलावा या सर्वांचा हिशेब केल्याशिवाय हवेविषयी बोलणे धाडसाचे ठरते.

चौथी गोष्ट मर्यादेपेक्षा सावधगिरीची आहे. १९९७ साली चिस्लागी आणि निमिस यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की इटलीच्या व्हेनेटो प्रांतात जिथे शैवाकांची विविधता कमी, तिथे तरुण पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त आढळतात. निबंध महत्त्वाचा आहे. पण ‘शैवाके नाहीत म्हणून कर्करोग’ असा त्याचा अर्थ नव्हे. एकाच ठिकाणाहून निघणारी अनेक द्रव्ये शैवाकाला एका तऱ्हेने आणि माणसाला दुसऱ्या तऱ्हेने बाधत असू शकतात. सहसंबंध आणि कारण यांतला फरक वरच्या वर्गांना शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आपल्या आंब्याकडे परत

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. निलगिरीची साल दरवर्षी सोलून पडते. पेरूचेही तसेच. ज्या घराची भिंत वर्षाला गळून पडते, तिथे मंदगतीने वाढणारा भाडेकरू राहणार कसा? माळ उघडा, उन्हाचा आणि वर्षातले आठ महिने कोरडा. रिझाक यांचा ओलाव्याचा मुद्दा इथे जागा होतो. स्टँडमागचे आंबे मात्र जुने, जाड आणि टिकाऊ सालीचे, ओढ्याच्या काठी सावलीत उभे. त्यांवरची शैवाके जवळजवळ सगळी कवचासारखी, म्हणजे सर्वांत चिवट गटातली. पानांसारखी फारच थोडी आणि दाढीसारखे तर एकही नव्हते. मुलांनी पाहिले ते सगळे खरे होते. चुकीचा होता तो मी दिलेला तक्ता आणि त्याहून चुकीची होती मी केलेली तुलना. आंब्याची तुलना आंब्याशीच करायला हवी होती.

आणखी एक गोष्ट. आपल्या बहुतेक शहरांत आज मुख्य काळजी आहे ती सूक्ष्म धूलिकणांची. सल्फर डाय-ऑक्साइडसाठी बसवलेली इंग्रजी पट्टी त्याविषयी जवळजवळ मुकी आहे. याचा अर्थ आपल्याकडे शैवाके निरुपयोगी आहेत असा नाही. पिक्सीन कोकोइस हे शहरांतील झाडांवरही आढळणारे, प्रदूषण सोसणारे शैवाक आहे. ते गोळा करून त्यात साठलेल्या जड धातूंचे पृथक्करण करण्याचे काम भारतात झाले आहे. इथे शैवाकाचा उपयोग निराळ्या रीतीने होतो. ते मेले की जगले हे न पाहता, त्याने काय साठवले हे पाहिले जाते. लखनौची राष्ट्रीय वनस्पतिशास्त्रीय संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथे शैवाकांचा अभ्यास अनेक वर्षे झालेला आहे. म्हणजे पाया आहे. पण सातारा किंवा सोलापूरच्या शाळेने खोड पाहून थेट आकडा सांगावा, असा तक्ता तयार नाही. उसना तक्ता वापरणे हे त्यावरचे उत्तर नव्हे.

मग शाळेत काय करावे?

तक्ता बाजूला ठेवावा आणि पद्धत उचलावी. युरोपात २०१४ मध्ये यासाठी एक प्रमाणित पद्धत ठरवण्यात आली. तिचा गाभा इतका साधा आहे की सुतळी आणि चार काड्यांत तो जमतो. १० सेंटिमीटर बाजूचे पाच चौकोन एकाखाली एक जोडून शिडी तयार करा. जमिनीपासून एक मीटर उंचीवर तिचे खालचे टोक येईल अशी ती खोडाला लावा. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशा चारही बाजूंना तेच करा. प्रत्येक प्रकारचे शैवाक किती चौकोनांत दिसते ते मोजा. जातींची शास्त्रीय नावे ठाऊक नसली तरी अडत नाही. ‘पांढरे कवच’, ‘करडे पान’, ‘हिरवी दाढी’ अशी नावे मुलांनीच ठेवावीत, फक्त ती सर्वांनी एकाच अर्थाने वापरावीत.

काही पथ्ये मात्र पाळावीत. झाडे एकाच जातीची, साधारण सारख्या घेराची, सरळ खोडाची आणि सारख्या उन्हा-सावलीतील निवडावीत. साल सोलणारी झाडे वगळावीत. चुना किंवा गेरू फासलेली खोडे घेऊ नयेत. एका झाडावरून निष्कर्ष काढू नये, एका जागी निदान पाच-सहा झाडे पाहावीत. शैवाक खरवडून आणू नये. जे वाढायला दहा-वीस वर्षे लागली ते एका तासिकेत नष्ट करण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याऐवजी पारदर्शक प्लॅस्टिक कागद खोडावर धरून बाह्यरेषा उतरवून घ्याव्यात, तारीख घालून जपाव्यात आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीने त्याच झाडावर पुन्हा उतरवाव्यात. पाच वर्षांनी शाळेजवळ तिच्या परिसराची अशी नोंद असेल जी अन्यत्र कोठेही मिळणार नाही.

आणि निष्कर्ष? ‘इथली हवा शुद्ध आहे’ असे लिहू नये. ‘रस्त्यालगतच्या सहा आंब्यांवर पानांसारखी शैवाके देवराईतल्या सहा आंब्यांपेक्षा कमी आढळली. याची कारणे हवा, ओलावा किंवा सावली यांपैकी कोणतीही असू शकतात’ असे लिहावे. मग मुलांना विचारावे : यांपैकी एकेक कारण बाजूला काढायचे, तर कोणती झाडे पाहायला हवीत? हा प्रश्न ज्या वर्गात अर्धा तास चालला, त्या वर्गाला विज्ञान शिकवायचे बाकी राहिले नाही असे मी म्हणेन.

पाठ्यवस्तू म्हणून शैवाके आकर्षक आहेत, कारण ती झटपट उत्तर देतात असे वाटते. प्रत्यक्षात ती झटपट काहीच करत नाहीत. न्यूलँडरच्या बागेपासून आजवर दीडशेहून अधिक वर्षे ज्यांनी ती नीट पाहिली, त्यांना आपली उत्तरे पुनःपुन्हा दुरुस्त करावी लागली. आपण विद्यार्थ्यांच्या हाती त्या उत्तरांपैकी एखादे जुने, तारीख पुसलेले उत्तर ठेवत असू, तर आपण शैवाकांचे नव्हे, मुलांचेच नुकसान करतो. त्या मुलीने तक्त्यावर विश्वास न ठेवता स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवला. स्टँडवरचा धूर तिला रोज जाणवत होता. तिची शंका हीच त्या शिबिरातली सर्वांत अचूक नोंद होती.